उंबरठ्यावरची तपासणी

नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या चार सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं. मास्टर, मर्फी, ग्लक आणि क्लेकर अशी त्या यंत्रांची नावं. आत येण्यासाठी एका डेव्हलपरचा चोरलेला पासवर्ड पुरला होता, पण त्या पासवर्डने मिळालं ते साधं खातं. यंत्राची पूर्ण मालकी देणारं रूट खातं वेगळं असतं. साध्या खात्यावरून रूटपर्यंतची मजल कशी मारली गेली, हे सुरुवातीला कोणालाच उमगेना. हल्लेखोराचा मागे राहिलेला प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत गुंडाळलेला होता. तो उकलल्यावर रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांमधल्या जाणकारांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा कारण अगदी किरकोळ निघालं. प्रोग्रॅमला जास्तीची मेमरी मिळवून देणारा ‘बीआरके’ नावाचा एक सिस्टिम कॉल आहे. मागितलेला पत्ता वापरकर्त्याच्या हद्दीतला आहे की कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हे तो पाहतच नव्हता.

त्याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. ही चूक सप्टेंबरमध्येच कर्नेल लेखक अँड्र्यू मॉर्टन यांच्या लक्षात आली होती आणि लिनक्स २.६ च्या चाचणी आवृत्तीत ती दुरुस्तही झाली होती. मात्र सर्व्हरवर चालणाऱ्या २.४ मालिकेची तेव्हाची ताजी आवृत्ती त्याआधीच निघून गेली होती. दुरुस्ती असलेली २.४.२३ ही आवृत्ती २८ नोव्हेंबरला आली. तोवर चोरी होऊन गेली होती.

पत्ता तपासण्याची ही साधी बाब गेली अनेक दशकं कर्नेल लिहिणाऱ्यांना छळते आहे. लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड, फ्रीबीएसडी यांपैकी कोणीच तिच्यातून सुटलेलं नाही. या चुका कशा होतात, त्यांवर काय उपाय झाले आणि त्यांतले कोणते टिकले, याचा हा आढावा.

चुकीचं मूळ

आजचा प्रोसेसर दोन पातळ्यांवर काम करतो. साधे प्रोग्रॅम खालच्या अधिकारात चालतात आणि त्यांना फक्त स्वतःची मेमरी दिसते. कर्नेल वरच्या अधिकारात चालतं आणि त्याला सगळी मेमरी खुली असते. ३२ बिट लिनक्समध्ये चार जीबींपैकी खालचे तीन जीबी वापरकर्त्याचे आणि वरचा एक कर्नेलचा, अशी वाटणी रूढ होती. ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर वापरकर्त्याच्या वाट्याला १२८ टीबी एवढा पत्त्यांचा प्रदेश येतो. त्याच्यावर मोठी मोकळी दरी आणि पार वरच्या टोकाला कर्नेल.

फाइल वाचायची तर प्रोग्रॅम कर्नेलला सांगतो, ‘एवढे बाइट वाच आणि या पत्त्यावर आणून ठेव.’ सगळा घोळ या शेवटच्या शब्दांत आहे. पत्ता प्रोग्रॅमने दिलेला असतो, पण तिथे लिहिणारं कर्नेल असतं आणि ते स्वतःच्या अधिकारात लिहितं. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असलेल्या कारकुनाला बाहेरच्या माणसाने कागद द्यावा, ‘अमुक क्रमांकाच्या कपाटात ठेवा’ म्हणावं आणि ते कपाट त्या माणसाचं आहे की साहेबांचं, हे न पाहता कारकुनाने ते उघडावं, तसा हा प्रकार. संगणकशास्त्रात नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये याला ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ असं नाव दिलं. पत्ता कर्नेलच्या हद्दीतला असेल तर कर्नेल स्वतःच्याच हाताने स्वतःचा डेटा खराब करतं. त्या डेटात ‘हा वापरकर्ता कोण’ हे सांगणारी नोंद असेल, तर साधा माणूस क्षणात मालक होतो.

धोका नवा नव्हता. मल्टिक्स प्रणालीवर काम करणाऱ्या श्रोडर आणि साल्ट्झर यांनी १९७२ च्या निबंधात जी रचना मांडली, तिच्यात पत्ता ज्या पातळीवरून आला तिचाच अधिकार हार्डवेअर आपोआप लावत असे. १९७७ च्या व्हॅक्स यंत्रात ‘प्रोबर’ आणि ‘प्रोबडब्ल्यू’ अशा खास सूचना होत्या. ज्याने विनंती केली त्याला हा पत्ता वाचता किंवा लिहिता येतो का, एवढंच त्या पाहत. इंटेलच्या १९८२ च्या २८६ मध्येही अशा सूचना होत्या. म्हणजे तपासणी यंत्राने करावी ही समज तेव्हाच पक्की होती. पुढे वेगाच्या हव्यासात आणि सपाट मेमरीच्या सोयीत ती मागे पडली आणि काम सॉफ्टवेअरच्या अंगावर आलं.

लिनक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रत्येक पत्त्यासाठी मेमरीचे नकाशे चाळून पाहत. ३८६ प्रोसेसरवर तर ते अटळच होतं, कारण कर्नेल लिहीत असताना तो प्रोसेसर ‘फक्त वाचण्यासाठी’ ही खूण जुमानत नसे. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी २.१ मालिकेत हे बदललं. पत्ता हद्दीच्या आत आहे ना, एवढीच तुलना करायची आणि बाकी प्रोसेसरच्या पेज फॉल्टवर सोपवायचं. हद्दीची ही तुलना म्हणजे ‘अ‍ॅक्सेस-ओके’. ती करून मग नक्कल करणारी ‘कॉपी-फ्रॉम-यूजर’ आणि ‘कॉपी-टू-यूजर’ ही फंक्शनं. पण वेगासाठी त्यांच्या जुळ्या आवृत्त्याही ठेवल्या गेल्या. नावाआधी दोन अधोरेखा असलेल्या या आवृत्त्या काहीच तपासत नाहीत. बोलावणाऱ्याने आधी तपासलं असेल, असं त्या गृहीत धरतात. पुढच्या वीस वर्षांतले बरेच अपघात या गृहीतकातून झाले.

विसर, बदल आणि बंद पडलेला पहारा

पहिला प्रकार निव्वळ विसराचा. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘व्हीएमस्प्लाइस’ या सिस्टिम कॉलवरचा हल्ला उघड झाला. लिनक्स २.६.१७ पासूनच्या आवृत्त्या त्याच्या कक्षेत होत्या. वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यांची यादी घेताना कोडमध्ये अ‍ॅक्सेस-ओके नव्हतं. २.६.२४.१ मध्ये काही चुका बुजवल्या, तरी एक भोक राहिलंच, म्हणून लगोलग २.६.२४.२ काढावी लागली. २०१० मध्ये डॅन रोझेनबर्ग यांनी ‘आरडीएस’ या नेटवर्क प्रोटोकॉलमध्ये तसंच भोक दाखवलं. तिथे दोन अधोरेखांची जुळी आवृत्ती वापरली होती आणि आधीची तपासणी कोणीच केलेली नव्हती. हा प्रोटोकॉल सामान्य माणूस कधी वापरत नाही. पण कोणीही तसा सॉकेट मागितला की कर्नेल तो मॉड्यूल आपसूक चढवत असे, त्यामुळे न वापरणाऱ्यांनाही धोका होता.

सर्वांत बोलका विसर २०१७ चा. ‘वेटआयडी’ या जुन्या सिस्टिम कॉलचं कोड मे महिन्यात नव्याने लिहिलं गेलं आणि लिनक्स ४.१३ मधून सप्टेंबरमध्ये बाहेर पडलं. एकामागोमाग अनेक लहान लेखन करायची असतील तर कर्नेलला वापरकर्त्याच्या मेमरीत नकळत जाऊ न देणारी प्रोसेसरची सुरक्षाकडी दर वेळी उघडबंद करण्यात वेळ जातो. म्हणून एकदा उघडायची, सगळं लिहायचं आणि मग बंद करायची, अशी नवी पद्धत आली होती. कडी उघडली गेली, पण त्याआधीची अ‍ॅक्सेस-ओकेची ओळ राहून गेली. हे कोड अल व्हिरो यांच्यासारख्या मुरलेल्या कर्नेल लेखकाचं होतं. हाताखालच्या नवशिक्यावर खापर फोडण्याची सोय इथे नव्हती. ख्रिस साल्स या संशोधकाने ही चूक कळवली आणि ऑक्टोबरमध्ये केस कुक यांच्या पॅचने ती बुजली. साल्स यांनी याच चुकीतून क्रोम ब्राउझरच्या सँडबॉक्समधूनही बाहेर पडून दाखवलं.

दुसरा प्रकार अधिक फसवा. इथे कोणी काही विसरत नाही, आजूबाजूची व्यवस्था बदलते आणि तपासणी मुकाट्याने गळून पडते. एआरएम प्रोसेसरमध्ये ‘वापरकर्त्याच्या अधिकारात वाच’ अशी वेगळी सूचना असते. लिनक्सचं ‘गेट-यूजर’ तीच वापरत असे, त्यामुळे हद्द पाहण्याचं काम हार्डवेअर करी. पुढे नव्या एआरएम आवृत्त्यांसाठी मेमरीची व्यवस्था बदलली, त्या खास सूचनेच्या जागी साधी सूचना आली आणि हार्डवेअरचा पहारा उठला. सॉफ्टवेअरमधली तपासणी मुळात तिथे नव्हतीच. २०१२ मध्ये लिनक्स ३.५.५ ने हे सुधारलं. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे तब्बल वर्षभरानंतर, अँड्रॉइड फोनवर याच चुकीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू होता.

तिसरा प्रकार पहारा मुद्दाम बंद करण्याचा. कधीकधी कर्नेललाच स्वतःच्या मेमरीसाठी वापरकर्त्याची फंक्शनं हवी असत. त्यासाठी ‘सेट-एफएस’ हे साधन होतं. ते हद्दीची खूणच वर सरकवत असे, मग कुठलाही पत्ता चाले. काम झालं की खूण परत खाली आणायची, हा शिरस्ता. २०१० मध्ये नेल्सन एल्हेज यांनी दाखवलं की खूण वर असतानाच कर्नेलमध्ये दोष होऊन प्रक्रिया मेली, तर ती खाली येतच नाही आणि मरता मरता ती प्रक्रिया कर्नेलच्या पत्त्यावर शून्य लिहून जाते. इकोनेट या विस्मृतीत गेलेल्या नेटवर्क प्रोटोकॉलमधल्या चुका जोडून रोझेनबर्ग यांनी त्याचा पूर्ण हल्ला बनवला. पुढे अँड्रॉइडवर हल्लेखोरांनी उलटी वाट धरली. दुसऱ्या कुठल्याही चुकीतून ही खूण बदलायची, की बाकी दारं आपोआप उघडतात.

विंडोजमध्येही या कहाणीची जुळी आवृत्ती आहे. तिथे तपासणीचं काम ‘प्रोबफॉररीड’ आणि ‘प्रोबफॉरराइट’ करतात, आणि विनंती वापरकर्त्याची की कर्नेलची हे ‘प्रीव्हियसमोड’ ही खूण सांगते. लांबी शून्य दिली तर ही दोन्ही फंक्शनं काहीच तपासत नाहीत, ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची जुनी ठेच. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नेटवर्क सॉकेट सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमधली एक चूक बुजवली. दुरुस्ती एवढीच की लिहिण्याआधी पत्ता तपासायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुजवलेल्या दुसऱ्या एका चुकीचा वापर उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस गटाने केला होता, असं अ‍ॅव्हास्ट कंपनीने उघड केलं. त्यांचं लक्ष्य होतं प्रीव्हियसमोडची तीच खूण.

शेवटचा बाइट

तपासणी असली तरी ती नेमकी कुठे थांबते, यावर बरंच अवलंबून असतं. पत्ता आणि लांबी यांची बेरीज यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेली तर ती पुन्हा शून्याजवळ येते आणि मोठा पत्ता लहान भासतो. म्हणून ३२ बिट लिनक्समध्ये ही बेरीज ३३ बिटांची आहे असं समजून केली जाई.

हद्दीच्या टोकाशी काय होतं, त्याचा धडा जून २०१२ मध्ये मिळाला. सिस्टिम कॉलवरून परतण्याची ‘सिसरेट’ ही सूचना एएमडीने आणली आणि इंटेलने आपल्या परीने उतरवली. परतीचा पत्ता अवैध असेल तर इंटेलचा प्रोसेसर वरच्या अधिकारात असतानाच अडखळतो, आणि तोवर स्टॅक मात्र वापरकर्त्याचा आलेला असतो. वापरकर्त्याच्या प्रदेशातल्या अगदी शेवटच्या बाइटांवर सिस्टिम कॉल ठेवला की परतीचा पत्ता नेमका दरीत पडतो. ब्रोमियम कंपनीच्या राफाल वोयत्चुक यांनी हे दाखवलं, तेव्हा ६४ बिट विंडोज ७, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि झेन यांना घाईघाईने पॅच काढावे लागले. लिनक्सने हीच गोष्ट २००६ मध्ये निस्तरली होती. तिथे वापरकर्त्याच्या प्रदेशातलं शेवटचं पान कायम रिकामं ठेवलं जातं.

वेळेचाही प्रश्न आहेच. पत्ता वा लांबी एकदा तपासली आणि वापरताना ती मेमरीतून पुन्हा वाचली, तर मधल्या क्षणी दुसरा थ्रेड ती बदलू शकतो. मातेउश युर्चिक आणि गिनवेल कोल्डविंड यांनी २०१३ मध्ये बॉक्स या एम्युलेटरवर विंडोज चालवून मेमरीच्या प्रत्येक वाचनाची नोंद ठेवली आणि अशा दुहेरी वाचनाच्या कितीतरी जागा शोधल्या. उपाय साधा आहे. एकदाच नक्कल करायची, ती तपासायची आणि तीच वापरायची.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर प्रकरण आलं आणि तपासणी या कल्पनेलाच तडा गेला. तुलनेचं उत्तर येण्याआधीच प्रोसेसर अंदाजाने पुढची पावलं टाकतो, आणि अंदाज चुकला तरी कॅशमध्ये खुणा राहतात. म्हणजे अ‍ॅक्सेस-ओके ‘नाही’ म्हणेपर्यंत कर्नेलची मेमरी चोरून वाचून झालेली असू शकते. मग तपासणीनंतर प्रोसेसरला थांबायला लावणाऱ्या सूचना घातल्या गेल्या, आणि त्यांनी वेग खाल्ला. त्यावर निघालेला तोडगा असा की तुलना करून वाट बदलायचीच नाही. पत्ता हद्दीबाहेरचा असेल तर गणितानेच त्याचा निरुपयोगी पत्ता करून टाकायचा, म्हणजे अंदाजालाही हाती काही लागत नाही.

तरीही मामला मिटला नाही. ६४ बिट यंत्रांवर पत्त्याचा सर्वांत वरचा बिट पाहिला की पुरे, असं मानलं गेलं होतं. पण मधल्या दरीतले अवैध पत्ते एएमडीचे काही प्रोसेसर अंदाजाच्या भरात कर्नेलचे समजून वाचू शकतात. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये टॉर्व्हल्ड्स यांनी तपासणी बदलून खरी कमाल मर्यादा वापरायला घेतली. पुढच्याच महिन्यात त्या दुरुस्तीची दुरुस्ती आली. नव्या तपासणीला बफरच्या शेवटच्या बाइटाच्या पुढचा पत्ता दिला जात होता, त्यामुळे हद्दीच्या टोकाला नेमका संपणारा वैध बफरही नाकारला जाई. चूक एका बाइटाची, आणि या खेपेला ती कडकपणाच्या बाजूने झालेली.

टिकलेले उपाय

इतक्या घटना शेजारी ठेवल्या की दुरुस्त्यांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गात विसरलेली ओळ त्या जागी घातली जाते. व्हीएमस्प्लाइस, आरडीएस आणि वेटआयडीची पहिली दुरुस्ती याच वर्गातली. अशी दुरुस्ती त्या दिवसापुरती पुरते, पुढच्या लेखकाला पुन्हा तेच आठवावं लागतं. दुसऱ्या वर्गात चूक करण्याची वाटच बंद होते, आणि हेच उपाय टिकले आहेत.

जानेवारी २०१९ चं उदाहरण पुरेसं आहे. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये वेटआयडीसारखाच विसर सापडला. तेव्हा टॉर्व्हल्ड्स यांनी आणखी एक ओळ घालून विषय संपवला नाही. कडी उघडणारं जे फंक्शन होतं, त्याच्या पोटातच अ‍ॅक्सेस-ओके नेऊन ठेवलं. तपासल्याशिवाय कडी उघडण्याची सोय उरली नाही. सेट-एफएसचंही असंच झालं. ते जपून वापरा असं वर्षानुवर्षं सांगून भागेना, तेव्हा क्रिस्टोफ हेलविग यांनी ते उपटायला घेतलं. डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत ते इंटेल-एएमडी यंत्रांवरून गेलं आणि आर्न्ड बर्गमन यांच्या कामानंतर मे २०२२ च्या ५.१८ मध्ये उरलेल्या सगळ्या यंत्रांवरून. सरकवण्याजोगी खूणच नाही म्हटल्यावर हल्लेखोराने बदलायचं काय?

हार्डवेअरनेही हात दिला, पण त्याची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासूनचं ‘स्मॅप’ आणि एआरएमचं ‘पॅन’ कर्नेलला वापरकर्त्याच्या मेमरीत नकळत जाण्यापासून रोखतात. इथल्या चुकीत नेमकं उलट घडतं, कर्नेल स्वतःच्याच मेमरीत लिहितं. त्यामुळे वेटआयडीच्या हल्ल्याला स्मॅपने अडवलं नाही. याउलट स्पार्क ६४ सारख्या काही रचनांमध्ये वापरकर्त्याचा आणि कर्नेलचा पत्ताप्रदेशच वेगळा असतो. तिथे हा विसर घातक ठरत नाही.

कोड लिहितानाच चूक पकडण्याचा मार्गही मोलाचा ठरला. टॉर्व्हल्ड्स यांनी २००३ मध्ये ‘स्पार्स’ हे साधन लिहिलं. वापरकर्त्याकडून आलेल्या पॉइंटरवर खूण करायची आणि तो थेट वापरला की साधन बोंब ठोकतं. पण तपासणी झाली की नाही, हे त्याला कळत नाही. तिथे ‘स्मॅच’सारखी साधनं आणि सिस्टिम कॉलवर वेडेवाकडे पत्ते फेकत राहणारं गूगलचं ‘सिझकॉलर’ उपयोगी पडतात. रस्ट भाषा डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ पासून कर्नेलमध्ये आली. तिच्यात वापरकर्त्याच्या मेमरीचा पत्ता साध्या पॉइंटरसारखा वापरताच येत नाही, तो ठरलेल्या फंक्शनांमधूनच वापरावा लागतो. मात्र कर्नेलचा फार मोठा भाग आजही सी भाषेत आहे आणि तो तसाच राहणार आहे.

राहता राहिला डेबियनच्या वेळचा प्रश्न, दुरुस्ती वेळेत पोचण्याचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने अँड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरमधली एक चूक जाहीर केली. तिचा गैरवापर तेव्हा चालूच होता. चूक मुक्त केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची होती, पण प्रोजेक्ट झीरोच्या प्रात्यक्षिकात तिच्या जोरावर बदलली गेली ती हद्दीची जुनी खूणच. मूळ लिनक्समध्ये ही चूक २०१८ च्या सुरुवातीलाच दुरुस्त झाली होती. तरी धोक्यातल्या फोनांच्या यादीत पिक्सेल २ होता, सॅमसंगचे एस ७ ते एस ९ होते आणि भारतात भरपूर खपलेला रेडमी ५ए देखील होता. पॅच तयार होता, फोनपर्यंत तो आलाच नव्हता.

कर्नेल लिहिणाऱ्यांनी आपल्या बाजूची बरीच दारं आता बंद केली आहेत. उरलेला धोका मुख्यतः दोन ठिकाणी आहे. एक, मूळ कर्नेलच्या बाहेर लिहिलेले आणि कोणी फारसे न तपासलेले ड्रायव्हर. दुसरं, अपडेट थांबलेली यंत्रं. पहिल्यावर सामान्य माणसाचा इलाज नाही, दुसऱ्यावर थोडा आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार नव्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात, आणि गूगल व सॅमसंग यांनी काही फोनसाठी सात वर्षांची हमी दिली आहे. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हेही दुकानदाराला विचारावं. हातातल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते. ती वर्षभर जुनी असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.